द्वारपालाची दोन वाक्ये

पणजीच्या आमच्या कार्यालयात एक शिपाई होते. दाराबाहेरच्या स्टुलावर बसणे, घंटी वाजली की आत येणे आणि फाईल या टेबलावरून त्या टेबलावर पोचवणे एवढेच त्यांचे काम. पण ते अशा चेहऱ्याने करीत, की फाईल देणाऱ्यालाच अपराधी वाटावे. एका वर्षी त्यांनी मला डिचोलीकडच्या आपल्या गावी जत्रेच्या नाटकाला बोलावले. गोव्यात यात नवल नाही. दिवसा सुतारकाम करणारे, बस चालवणारे, बँकेत बसणारे असे सगळे जण देवळासमोरच्या मांडवात रात्र रात्र मराठी नाटक करतात, त्यासाठी आधी महिनाभर तालमी घेतात आणि वर पदरची वर्गणीही भरतात.

मध्यरात्र उलटल्यावर दुसऱ्या अंकात आमचे शिपाई रंगमंचावर आले. भूमिका द्वारपालाची. हातात भाला घेऊन दाराशी उभे राहायचे आणि कोणी आले की महाराजांना वर्दी द्यायची, म्हणजे कार्यालयात करीत तेच, फक्त डोक्यावर पगडी घालून. पण हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. दोनच वाक्ये त्यांनी अशी ठणठणीत म्हटली, की शेवटच्या रांगेत पेंगणारी मुले जागी झाली; मग महाराजांना पाठ न दाखवता, चिकटवलेली मिशी डळमळू न देता, ते मोजून तीन पावले मागे सरले. नंतर रंगपटात भेटलो तेव्हा म्हणाले, "बाब, मी वेळेवर आलो नाही, तर महाराज तिथंच अडकतात."

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारले होते, की नोकरीत तुम्हाला फार बरे कधी वाटले आणि फार वाईट कधी. 1959 साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की वैतागाच्या आठवणींत बहुधा कार्यालयाची धोरणे, साहेबाची देखरेख, पगार या गोष्टी येतात, तर आनंदाच्या आठवणींत काही तडीस नेल्याचे समाधान, कोणीतरी घेतलेली दखल आणि खुद्द काम. पगार वगैरेंना त्याने 'हायजीन' हा आरोग्यशास्त्रातला शब्द वापरला: गटारे साफ ठेवली तर रोगराई टळते, पण तेवढ्याने अंगात बळ येत नाही. चांगले घडले की माणूस श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचे खापर साहेबावर फोडतो, त्यामुळे अशी उत्तरे येणारच, हा त्यावरचा आक्षेपही मला पटतो. तरी वेतन आयोगाची थकबाकी हातात पडल्याचा आमच्या कार्यालयातला आनंद पुढच्या महागाई भत्त्याच्या चर्चेपर्यंतसुद्धा टिकला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या 200 जणांत हिशेबनीस होते हे वाचून मला हसू आले, कारण मीही त्याच जातकुळीतला. संगणक येण्यापूर्वीची गोष्ट. एकदा तेरीज, म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळेना. फरक 180 रुपयांचा. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटसुलट पडले असावेत असा संशय घ्यायचा, हे आम्हाला वडीलधाऱ्यांनी शिकवले होते. दोन दिवस खतावणी चाळली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, 1,680 च्या जागी लिहिलेले 1,860 सापडले. दाद द्यायला कोणी नव्हते, भत्ता मिळणार नव्हता, शिवाय चूक माझीच होती. तरीही फेरीबोटीने बेतीला परतताना मी मांडवीवरचा वारा असा खात होतो, जणू काही मोठा पराक्रमच केला आहे.

म्हणूनच त्या शिपायांना कामचुकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नाटकात ते आले नाहीत तर महाराज अडकत. कार्यालयात फाईल पोचली नाही तर कोण अडकते, हे त्यांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

जत्रेनंतरच्या सोमवारी मी घंटी न वाजवता दारापर्यंत गेलो आणि फाईल देताना सांगितले, की ही एका विधवा बाईंच्या पेन्शनची आहे आणि ती आज वर गेली पाहिजे. ते काही बोलले नाहीत, फाईल घेऊन जिना चढले. चार दिवसांनी चहा ठेवताना त्यांनी विचारले, "त्या बाईंचं काय झालं, बाब?"

मला ठाऊक नव्हते. चहा तसाच ठेवून मी विचारायला वरच्या मजल्यावर गेलो.