सातानं भागताना

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. रक्कम म्हणून यात डोळे दिपण्यासारखं काही नाही, पण १४२८५७ ची ऐट वेगळीच आहे. दोनानं गुणा, २८५७१४. तिनानं ४२८५७१, चारानं ५७१४२८, पाचानं ७१४२८५, सहानं ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमानं, एकामागोमाग फेर धरून. पुढे कोण एवढंच बदलतं. सातानं गुणलं की मात्र फेर मोडतो आणि सहा नऊ उभे राहतात: ९९९९९९.

व्हॉट्सॲपवर हा आकडा कुठल्याशा गूढ शक्तीचा पुरावा म्हणून फिरत असतो, आणि माझी चिडचिड होते. कारण त्याचं गुपित शाळकरी पाटीवर मावतं. एकाला सातानं भागा. दहात सात एकदा, बाकी ३. तिसात चारदा, बाकी २. पुढे ६, ४, ५, आणि पुन्हा १. सातानं भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य. इथे सगळ्या येऊन जातात, मग सगळं पहिल्यापासून सुरू. दोनाला सातानं भागायचं तर याच साखळीत बाकी २ पासून शिरायचं, की २८५७१४ हजर. भागाकार मिरवतो, खरं काम बाकी करते.

त्यातही आपण दहांत मोजतो म्हणून ही मजा. आठांत मोजणाऱ्यांनी एक सप्तमांश ०.१११… असा लिहिला असता आणि मला लिहायला विषय उरला नसता.

तेरा एवढा गुणी नाही, त्याच्या बाक्या दोन टोळ्यांत फुटतात. सतरा मात्र सोळाच्या सोळा बाक्या फिरवून आणतो: ०५८८२३५२९४११७६४७. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, असं गणितज्ञ एमिल आर्टिन यांच्या १९२७ सालच्या अटकळीवरून निघतं. ती अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही. पाटीवरच्या भागाकारातून निघालेला प्रश्न, आणि जगभरचे गणिती त्यापाशी अडलेत!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना असल्या आकड्यांचं वेड होतं. संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की तीच संख्या परत मिळते, अशा संख्यांना त्यांचंच नाव आहे. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. आपले १४२८५७ याच घराण्यातले. वर्ग २०४०८१२२४४९, २०४०८ आणि १२२४४९ मिळवा, पुन्हा १४२८५७.

हेही गूढ वाटत असेल तर १४२८५७ ला पुन्हा सातानं भागून बघा. भागाकार २०४०८, म्हणजे वर्गाचा पहिलाच तुकडा. आणि बाकी? १.