डेस्कटॉप कोरा, फायली जागेवर

दांडिया बाजारातल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून सकाळीच फोन. "दादा, रात्री अपग्रेड केलं आणि डेस्कटॉपवरचं सगळं उडालं!" उबुंटू लिनक्स २२.०४ वरून २४.०४, म्हणजे त्याचा डेस्कटॉप दाखवणारं ग्नोम ४२ वरून थेट ४६. "मॅडम, फाइल्स उघडा, डावीकडे डेस्कटॉपवर क्लिक करा." एकूण एक फाइल तिथेच होती. कोरा होता तो नुसता पडदा.

ग्नोमने २०१८ मध्ये, ३.२८ ला, डेस्कटॉपवरचे आयकॉन काढूनच टाकले. उबुंटूत ते दिसतात ते 'डेस्कटॉप आयकॉन्स एनजी' या एक्स्टेन्शनमुळे, म्हणजे ग्नोमला जोडलेल्या छोट्या पुरवणीमुळे. ते उबुंटूसोबतच येतं आणि अपग्रेडमध्ये अपडेटही होतं. मग बिघडलं काय? जाऊन त्याच मशीनवर दुसरा यूजर बनवून लॉगिन केलं. आयकॉन हजर! म्हणजे सिस्टिम ठीक, घोळ जुन्या यूजरच्या होम फोल्डरमध्ये, जिथे त्याच्या फायली आणि सेटिंग्ज राहतात.

टर्मिनलमध्ये 'ग्नोम-एक्स्टेन्शन्स इन्फो' आणि पुढे एक्स्टेन्शनचा आयडी दिला. स्टेट : 'आउट ऑफ डेट'. त्याहून बोलकी पाथची ओळ. सिस्टिमच्या यूएसआर-शेअर फोल्डरऐवजी होममधलं 'डॉट लोकल, शेअर, ग्नोम-शेल, एक्स्टेन्शन्स'. कुणीतरी कधीकाळी हेच एक्स्टेन्शन वेबसाइटवरून टाकलं होतं. आयडी एकच असला की शेल (ग्नोमचा पडदा चालवणारा प्रोग्राम) होममधली प्रत उचलतं, सिस्टिमची सोडून देतं. आणि अपग्रेड होमला हात लावत नाही.

क्लासमधल्या एका मुलाने तोवर एक्स्टेन्शनच्या मेटाडेटा फाइलमध्ये 'शेल-व्हर्जन'पुढे, म्हणजे ते कुठल्या ग्नोमवर चालतं तिथे, ४६ लिहून पाहिलं होतं. पूर्वी ही युक्ती बरेचदा चालायची. ग्नोम ४५ पासून इम्पोर्टची, म्हणजे एक्स्टेन्शनने शेलचा कोड वापरायला घेण्याची, पद्धतच बदलली, त्यामुळे जुना कोड लोडच होत नाही. 'आउट ऑफ डेट'च्या जागी 'एरर' दिसतं, एवढाच फरक.

ते फोल्डर डिलीट न करता एक्स्टेन्शन्सच्या बाहेर हलवलं. आत ठेवून नुसतं नाव बदललं तरी चाललं असतं, फोल्डरचं नाव आयडीशी जुळलं नाही की शेल ते लोड करत नाही. मग शेल रीस्टार्ट करायला ऑल्ट-एफ२ दाबून 'आर'? पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या वेलँड पद्धतीत शेल असं रीस्टार्ट होत नाही, ते जुन्या एक्स-ऑर्गवरच. लॉगआउट, लॉगिन, आणि आयकॉन परत.

त्याच यूजरकडे आणखी दोन एक्स्टेन्शनं अडली होती. त्यांची सिस्टिममध्ये प्रतच नव्हती. एकाची ४६ ची आवृत्ती 'एक्स्टेन्शन मॅनेजर' या अ‍ॅपमध्ये मिळाली. दुसऱ्याची आलेलीच नाही, ते बंद करून ठेवलं.