बोनेरच्या लाक खाडीत जोडीनं विंडसर्फिंग शिकताना

लाक खाडीवरच्या सोरोबोनच्या किनाऱ्यावरून आत चालत गेलं तरी बराच पल्ला पाणी कमरेच्या वर येत नाही. वॉटरस्टार्ट (पाण्यातून वाऱ्याच्या जोरावर बोर्डावर उठणं) किंवा जाइब (वारा पाठीशी घेऊन वळणं) शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. पडलात तर पाय टेकवायचे, शीड वाऱ्याला लावायचं आणि पुन्हा निघायचं. खोल पाण्यात निम्मी ताकद बोर्डावर परत चढण्यातच जाते. इथे ती शिकण्याच्या कामी येते. जोडीनं जाणार असाल तर आणखी एक फायदा आहे: एक जण दमला की तो पाण्यातच उभा राहून दुसऱ्याकडे लक्ष ठेवू शकतो.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं डच कॅरिबियन बेट. २०१० पासून ते नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, आणि २०११ पासून तिथे अमेरिकन डॉलर चालतो. लाक खाडी बेटाच्या पूर्वेला, म्हणजे वारा येतो त्या अंगाला आहे. खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत आहे. समुद्राच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात, पण व्यापारी वारा अडत नाही. त्यामुळे आत वारा भरपूर आणि पाणी सपाट. टाटी फ्रान्स, टॉन्की फ्रान्स आणि २०१३ चा फ्रीस्टाइल (कसरतींच्या प्रकारातला) जगज्जेता किरी थोडे हे विंडसर्फर याच बेटाचे.

वारा साधारण डिसेंबरच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत भरवशाचा असतो. बहुतेक दिवस १५ ते २२ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) मिळतो, कधी त्याहून जास्तही. सप्टेंबर ते नोव्हेंबर मात्र टाळा. बोनेर चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, पण उत्तरेकडून मोठं वादळ गेलं की त्याच्या ओढीनं इथला पूर्वेचा वारा बसतो, कधी उलटाही फिरतो. विमान स्वस्त मिळालं म्हणून ऑक्टोबरचं तिकीट काढलं तर सुट्टीतले बरेच दिवस पोहण्यात जातील. पोहायला जागा उत्तम आहे, पण मग त्याला प्रशिक्षण म्हणू नका.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना हे बेट तसं जवळ आहे. मायामी, अटलांटा, ह्यूस्टन, नूअर्क इथून थेट विमानं असतात, मात्र काही आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच. नेदरलँड्समधल्यांना ॲम्स्टरडॅमहून सोय आहे. बेट डच असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असेल तर कॅरिबियन भागाचे व्हिसाचे नियम वेगळे तपासून घ्या. भारतातून जाणार असाल तर आधी गोव्यात दुपारच्या हलक्या वाऱ्यावर मोठ्या बोर्डावर हात बसवून घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. दोरीनं शीड उचलणं, वळणं, निघालो त्या जागी परत येणं, एवढं तिथे जमतं. इतक्या लांब जाऊन पहिले तीन दिवस शीड उचलण्यात घालवू नयेत.

आता सामानाबद्दल, कारण बहुतेक जोड्यांचं इथेच बिनसतं. समजा नवरा ७८ किलोंचा आहे आणि बायको ५६ किलोंची. वारा १८ नॉट. वजनाला १.४ ने गुणून वाऱ्याच्या नॉटनी भागलं की शिडाचं क्षेत्रफळ ढोबळमानानं चौरस मीटरमध्ये मिळतं. हिशेबानं त्याला ६ आणि तिला ४.३ ते ४.५ येतं. म्हणजे तब्बल दीड चौरस मीटरचा फरक. तरीही सर्रास दिसतं ते असं: तो तासभर खेळून येतो, 'आता तू ने' म्हणतो आणि तीच शीड तिच्या हातात देतो. मग तिला शीड पेलत नाही, ती पुढे फेकली जाते, आणि दोघांनाही वाटतं की तिच्यात ताकद कमी आहे. दोष शिडाच्या आकाराचा असतो. शिवाय बूमची (शीड धरायच्या आडव्या दांड्याची) उंची, हार्नेसच्या (ज्याचा हूक बूमवरच्या दोऱ्यांत अडकवतात त्या कमरपट्ट्याच्या) दोऱ्यांची लांबी आणि जागा, फूटस्ट्रॅपचं (बोर्डावर पाय अडकवायच्या पट्ट्याचं) माप हे सगळं त्याच्या शरीराला लावलेलं असतं. दोघांचं सामान पहिल्या दिवसापासून वेगळं हवं. पैसे वाचवायचेच असतील तर राहण्याच्या खोलीत वाचवा.

बोर्डाचं माप लिटरमध्ये सांगतात. अजून दोरीनं शीड उचलूनच निघत असाल तर किलोंतल्या वजनाच्या आकड्यापेक्षा ७०-८० लिटर जास्तीचा बोर्ड घ्या. वॉटरस्टार्ट आणि हार्नेस शिकताना ४० ते ५० लिटर जास्त पुरे. म्हणजे वरच्या जोडीत त्याला १२०-१२५ आणि तिला १००च्या आसपास. बोर्ड अरुंद आणि लहान असला की वेग येतो हे खरं, पण शिकणाऱ्याचा बोर्ड वेग येण्याआधीच शेपटीकडून बुडतो, आणि मग प्लेनिंग, म्हणजे पाणी कापणं सोडून बोर्डाचं पाण्यावरून घसरणं, सुरूच होत नाही.

बूम खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये लावा. उंची बोर्डावर उभं राहून आणि मास्ट, म्हणजे शिडाची उभी काठी, सरळ धरून बघायची. वाळूत उभं राहून मोजली तर ती बोर्डाच्या जाडीएवढी चुकते. मास्टचा पाया बोर्डावरच्या खाचेच्या मधोमध ठेवून सुरुवात करा.

हार्नेसच्या दोऱ्यांवर पहिल्या दिवशी अर्धा तास दिला तर पुढचा आठवडा सुखाचा जातो. लांबीसाठी कोपर दोरीच्या वळशात टेकवून हात सरळ वर करा. बूम मनगटाशी आली तर लांबी बरोबर. बहुतेकांना २४ ते २८ इंच लागतात. लांबीपेक्षा दोऱ्यांची जागा जास्त महत्त्वाची. किनाऱ्यावर मास्टचा पाया वाळूत रोवा, शीड वाऱ्यात भरून घ्या आणि दोन्ही हात जवळ जवळ आणत न्या. एका हाताच्या दोन बोटांवर शीड जिथे तोलून राहते तिथे त्या दोऱ्यांचा मध्य. दोन टोकांमध्ये एका मुठीचं अंतर ठेवा. मग पाण्यावर खरी तपासणी. हूक अडकवून हात सैल सोडा. मागच्या हातावर ओढ येत असेल तर दोऱ्या दोन बोटं मागे सरकवा, पुढच्या हातावर येत असेल तर पुढे. वारा वाढला किंवा शीड बदलली की हे पुन्हा करावं लागतं. तळहाताला फोड येणं आणि कोपराखालचा हात दगडासारखा होणं याचं कारण बहुतेक वेळा चुकीच्या जागी बांधलेल्या दोऱ्या हेच असतं. हातमोजे घालून ते सुटत नाही. मोज्यानं बूम जाड होते आणि मूठ आणखी आवळावी लागते. त्यापेक्षा फोड येण्याआधीच बोटांना चिकटपट्टी गुंडाळा.

शिकण्याचा क्रम आम्ही असा ठेवू: बीचस्टार्ट (उथळ पाण्यात उभं राहून थेट बोर्डावर पाऊल ठेवून निघणं), हार्नेस, वॉटरस्टार्ट, फूटस्ट्रॅप, जाइब. काही जण स्ट्रॅपची घाई करतात. पण शरीराचं वजन हार्नेसमधून मास्टच्या पायावर गेलेलं नसताना पाय मागे नेले की बोर्डाची शेपटी बुडते, नाक वाऱ्याकडे वळतं आणि सगळा डोलारा थांबतो. आधी लटकायला शिका, पाय मग आपोआप मागे जातात. स्ट्रॅप सुरुवातीला आतल्या भोकांत लावा. नुसती पायाची बोटं पलीकडे दिसतील इतकेच सैल हवेत. पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं आणि पडलात तर घोटा मुरगळतो, आणि सुट्टी तिथेच संपते.

वॉटरस्टार्ट कमरेच्या पाण्यात, गुडघे वाकवून शिकावा. बोर्ड वाऱ्याला आडवा, तुम्ही वाऱ्याच्या बाजूला, मास्टही वाऱ्याच्या बाजूला आणि त्याला काटकोनात. मास्ट बूमच्या वर धरून वारा येतो त्या बाजूला ओढत उचला. सरळ वर उचलू नका. नुसतं वर उचललं तर शिडावरचं पाणी निघत नाही आणि ती जड राहते. वाऱ्याकडे ओढलं की खालून वारा शिरतो आणि तीच वर येते. दोन्ही हात बूमवर आले की मागचा पाय बोर्डाच्या मध्यरेषेवर ठेवा, टाच आपल्याकडे ओढा, आणि हात वर ताठ करा. इथे चुका दोनच, पण प्रत्येकाच्या होतात. पहिली, बूमला धरून स्वतःला वर खेचणं. त्यानं शीड खाली येते, वारा निसटतो आणि तुम्ही परत पाण्यात बसता. शिडाला जितकं उंच धराल तितकी ती तुम्हाला उचलते. दुसरी, मागच्या पायानं बोर्ड ढकलणं. त्यानं नाक वाऱ्याकडे फिरतं. पाय ढकलायचा नाही, गुडघा दुमडून टाच आत घ्यायची. वारा कमी वाटला तर घाई न करता झुळकेची वाट बघा. वाऱ्याकडून पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसतो, तो पोचला की उठा.

जाइबमध्ये अपयशाचं मूळ बहुधा वळणाच्या आधीच असतं. वेग हवा, आणि वेग कमी करून वळू नये. आधी थोडं वारा जातो त्या दिशेला उतरून वेग घ्या, हूक सोडा, मागचा हात बूमवर एक वीत मागे न्या, मागचा पाय स्ट्रॅपमधून काढून वळणाच्या आतल्या कडेवर ठेवा आणि गुडघे पुढे ढकलून दाबा. पुढचा पाय ताठ राहिला तर वजन शेपटीवर जातं आणि बोर्ड उसळत थांबतो. नजर वळणाच्या बाहेर पडण्याच्या जागेवर ठेवा. पायांकडे बघितलं की डोकं झुकतं आणि डोक्यामागून वजन जातं. शीड उलटवताना सगळ्यांचीच पुढच्या हाताची जागा चुकते. तो आधीच मास्टजवळ सरकलेला हवा. तो लांब राहिला तर शीड मास्टभोवती न फिरता तुमच्यापासून दूर झुकते.

उथळ पाण्याचा धोकाही आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पडताना कधीही डोक्यावर किंवा सरळ पायांवर उडी मारू नका. अंग पसरून, सपाट पडा. हूक अडकलेला असताना शिडानं पुढे फेकलं तर दोन्ही हातांनी बूम घट्ट धरूनच ठेवा. हात पुढे केला की मनगट जातं. गुडघाभर पाण्यात ३५ सेंटीमीटरचा फिन (बोर्डाखालचा पर) वाळूला लागला की बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. भरती-ओहोटीचा फरक इथे फूटभरच असतो, पण उथळ जागेत तेवढाही पुरतो. सामान भाड्यानं देणाऱ्या केंद्रातून आखूड फिन मागून घ्या. ज्या वर्षी सरगॅसम हे तपकिरी समुद्री शेवाळ पूर्व किनाऱ्याला लागतं तेव्हा मागे झुकलेला फिन मागा. सरळ फिनवर शेवाळ अडकतं, मागचा भाग अचानक घसरतो आणि नवख्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

पायात पातळ तळव्याचे बूट घाला, आणि चालताना पाय उचलून न टाकता वाळूत सरपटवत चाला. वाळूत स्टिंगरे, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेले चपटे मासे, लपलेले असतात, चाहूल लागली की ते निघून जातात. खाली दिसणारं काळसर गवत हे हिरव्या कासवांचं चरण्याचं कुरण आहे. त्यावर चालू नका, शक्यतो मोकळ्या वाळूवर थांबा. लाक १९८० पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जातो त्या अंगाचं खारफुटीचं बन माशांच्या पिल्लांचं घर आहे. दमलेला माणूस वाहत त्याच दिशेला जातो, म्हणून जोर असेपर्यंत वाऱ्याकडे राहा आणि परतीची ताकद राखून वळा. पाण्यात उतरण्यासाठी लागणारं निसर्गशुल्क आधीच भरून पावती फोनमध्ये ठेवा.

दोघांनी एकमेकांना शिकवू नये, हे आम्ही आग्रहानं सांगतो. प्रशिक्षकाकडे दोघांचे तास वेगळे लावा. दोघांची पातळी क्वचितच एक असते, आणि एकत्र तासात पुढचा कंटाळतो, मागचा घाबरतो. पाण्यावर एकमेकांना ओरडून सूचना देण्यातही अर्थ नाही. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं रागाचं वाटतं. त्यापेक्षा किनाऱ्यावर असलेल्यानं फोनवर चित्रण करावं, आणि दुपारी सावलीत एकाच गोष्टीवर बोलावं: आज हात ताठ होते का, एवढंच. दुसरी गोष्ट उद्या.

पाणी २६ ते २९ अंश असतं, वेटसूट लागत नाही. पण ऊन आणि वारा मिळून अंगातलं पाणी कळू न देता ओढून घेतात. लांब बाह्यांचा लायक्राचा सदरा, दर तासाला पाणी आणि थोडं मीठ एवढं सांभाळा. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी घ्या. हात सुजलेले असताना केलेला सराव चुकीची सवय लावून जातो. वारा पडला तर मोठा बोर्ड आणि लहान शीड घेऊन उलट्या बाजूनं शीड धरून चालवा, जागच्या जागी वळवा. जाइबला लागणारी शिडाची ओळख अशाच दिवशी होते.

आरक्षण करताना केंद्राला दोघांचं वजन, उंची, आतापर्यंत काय येतं आणि काय शिकायचं आहे हे वेगवेगळं लिहून कळवा. लहान मापाच्या शिडा, चार ते पाच चौरस मीटरच्या, जोराच्या वाऱ्यात सगळ्यात आधी संपतात. त्या जोडीतल्या हलक्या माणसाच्या नावावर राखून ठेवल्याचं लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरा.