आधी पाणी, मग पान : आमची वाटचाल

फोन आला की गिऱ्हाईक आधी मेनू विचारतं. आम्ही तिथी विचारतो. घोडबंदरहून वसईच्या खाडीत, म्हणजे उल्हास नदीच्या मुखातून वर नागला बंदराकडे जेवणाची बोट न्यायची तर वेळ पाणी ठरवतं. हे आम्हाला फार महागात कळलं. आमचं तेच शिकलेलं आज दुसरा कुणी स्वतःच्या नावावर विकतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

हिशेब कोळीवाड्यातला जुनाच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही झाली ढोबळ वेळ. भरतीचं छापील कोष्टक मुंबईच्या अपोलो बंदराचं असतं आणि खाडीत आत पाणी त्यानंतर पोचतं. किती उशिरा, ते ज्याने त्याने आपल्या जेटीवर मोजायचं. उधाणाला एक फरक निघतो, भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या पाण्याला दुसरा, त्यामुळे एकदा मोजून भागत नाही.

आमचं मोजमाप नाखवांच्या बांबूवर चालतं. नाखवा आमचे पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. त्यांनी एक रुपया आगाऊ न घेता बोट अर्ध्या वाट्यावर दिली. बांबू साडेचार मीटरचा, खाली लोखंडी टोपी, वर दर फुटाला लाल-पांढरा ऑइलपेंट. बोट १.१ मीटर पाण्यात बसते. तळाखाली अर्धा मीटर मोकळं हवं, म्हणून १.६ मीटरवर तांब्याची तार घट्ट गुंडाळली आहे. अंधारात बांबू वर घेताना तारेवर अंगठा फिरवायचा. तार कोरडी लागली की बोट पुढे जात नाही. खोली दाखवणारं यंत्रही बोटीवर आहे, पण पातळ गाळावर ते फसतं. खाली गाळ आहे की वाळू, हे बांबू हाताला सांगतो.

दुसऱ्या हंगामातल्या कोजागरीला बोरिवलीच्या एका सोसायटीची ४२ माणसं होती. त्यांना मावळता सूर्य हवा होता आणि उगवता चंद्रही, आणि आम्ही हो म्हणून बसलो. नाखवा गावाला गेले होते. बदली तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बांबू न घेताच बोटीवर चढला. पावणेसहाला निघालो तेव्हा पाणी उतरतच होतं. पौर्णिमेला भरती मध्यरात्रीच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सहा-सातला पाणी सगळ्यात खाली, एवढा साधा हिशेब आमच्यापैकी कुणी केला नव्हता. नागल्याच्या अलीकडे रेती उपशाने तळ सारखा बदलतो. तिथे बोट टेकली.

खरं नुकसान त्यानंतर झालं. तांडेलाने मागे घ्यायला इंजिनाची रेस वाढवली. बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याने उसळलेला गाळ इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गेला आणि गाळणी बुजली. पंपाचं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, कोरडं फिरून फाटलं, इंजिन तापलं आणि बंद करावं लागलं. बोट टेकल्या क्षणी गिअर न्यूट्रल करायचा, इंजिन बंद करायचं, नांगर टाकायचा आणि भरतीची वाट बघायची. तेवढं केलं असतं तर नऊला आपल्या इंजिनावर परत निघालो असतो. पावणेनऊला पाण्याने बोट उचलली खरी, पण मच्छीमारांच्या होडीने ओढून जेटीला आणेपर्यंत साडेदहा वाजले.

कुणालाही इजा झाली नाही. तळ सपाट होता, बोट कललीही नाही. सोसायटीच्या सेक्रेटरी काकू उठल्या, मसाला दुधाचं पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं आणि एकेकाच्या हातात पेला दिला. दर थोड्या वेळाने त्या माणसं मोजत होत्या, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दिवाळीपर्यंतची ११ बुकिंगं गेली. सगळ्यांचे पैसे परत केले. स्वयंपाकघराचं तीन महिन्यांचं भाडं थकलं, जनरेटर विकायला काढला. नाखवांनी त्या हंगामाचा आपला वाटा मागितला नाही. त्याच आठवड्यात जेटीवरच्या दुसऱ्या बोटवाल्याने एजंटांना गाठून “ते गाळात रुततात” असं सांगायला सुरुवात केली आणि माणशी दर आमच्यापेक्षा दोनशेने खाली आणला. त्या दरात परवान्याएवढीच माणसं घेऊन डिझेलही सुटत नाही. त्यांच्या बोटीवर किती माणसं चढतात, ते आम्ही जेटीवर उभं राहून मोजलेलं आहे.

पुढचं वर्षभर आम्ही बांबू टाकून भरतीच्या वेळा लिहिल्या आणि कॅलेंडर केलं. ते एका एजंटकडून त्याच बोटवाल्यांच्या हाती गेलं. आज त्यांच्या जाहिरातीत “भरतीच्या वेळेनुसार सफर” असं छापलेलं असतं. मार्चमधल्या एका नवमीची वेळ आमच्याकडून अर्धा तास पुढची लिहिली गेली होती. त्यांच्या कागदावरही ती तशीच आहे.

काकूंनी पुढच्याच वर्षी पुन्हा बुकिंग केलं, सगळी रक्कम आगाऊ भरून. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना थोडं सांगतो. संध्याकाळच्या फेरीला सप्तमी ते दशमी धरा, दोन्ही पक्षांतली. महिन्याला आठच दिवस मिळतात, हे आधी मान्य करा. १ जून ते ३१ ऑगस्ट बोट वर काढलेली. भरतीच्या शेवटच्या पाण्यावर वर जायचं, पाणी थांबलं की नांगर टाकून मुख्य जेवण वाढायचं, ओहोटीच्या पहिल्या पाण्यावर परतायचं. दोन्ही वेळा प्रवाह सोबत असल्याने डिझेल वाचतं, आणि बोट उभी असताना आमटी सांडत नाही. जाताना तोंड पूर्वेला असतं, सूर्य पाठीमागे मावळतो, म्हणून खुर्च्या मागच्या बाजूला तोंड करून लावा. डोलीच्या, म्हणजे कोळ्यांच्या मोठ्या जाळ्याच्या खुंटांपासून लांब राहा. जाळं पंख्यात गेलं तर आपली संध्याकाळ गेलीच, कोळ्याची कमाईही गेली.

लाकडी बोटीवर चूल नको. जेवण किनाऱ्यावर शिजवून बंद डब्यांतून आणायचं आणि बोटीवर विजेच्या गरम भांड्यात ठेवायचं. आम्ही ते ६५ अंशांखाली उतरू देत नाही. आमचा जनरेटर ५ केव्हीएचा, प्रत्यक्षात ४ किलोवॉट धरा. दीड किलोवॉटची दोन भांडी, दिवे आणि स्पीकर मिळून साडेतीन होतात. कुणी चहाची किटली लावली की सगळं बंद पडतं, म्हणून मोकळा सॉकेट ठेवूच नका. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच, कारण डेक ओला असतो. जनरेटरचा धूर माणसांकडे येणार नाही अशा बाजूला सोडा.

तळलेला बोंबील बोटीवर देऊ नका. झाकला की दहा मिनिटांत मऊ पडतो. वडेही चिवट होतात. कोळंबी भात, सुकं चिकन, भरलेली वांगी आणि पाव हे दोन तास टिकतं. सोलकढी बर्फात, जैन जेवण वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या पळीने. वाढायची टेबलं दोन्ही बाजूंना लावा. ४० माणसं म्हणजे माणशी ७५ किलोने ३ टन वजन, ते एका काठावर रांगेत उभं राहिलं की बोट झुकते. बर्फाच्या आणि पाण्याच्या पेट्या खाली, मध्यावर.

सूर्यास्तानंतरची फेरी बोटीच्या सर्व्हे सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे तपासणीच्या दाखल्यात बसते का, ते आधी बघा. सजावटीला लाल-हिरव्या माळा लावू नका. डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा समोरच्या बोटीला ओळखू आला पाहिजे. पिवळसर दिव्यांवर तिवरांतले किडे कमी येतात. जाकिटं मापाची आणि कोरडी ठेवा. पूर्वी लग्नाच्या साडीवर जाकीट घाला म्हटलं की वाद व्हायचे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात झाल्यापासून कुणी नाही म्हणत नाही.

कोजागरी आम्ही अजूनही करतो, पण रात्री साडेनऊला निघून, चढत्या पाण्यावर. दहाला स्पीकर बंद, पुढे पेटी आणि गाणारी माणसं. ९ लिटर दूध आटवून साडेसहा लिटर होतं, ते ४२ जणांना पुरतं. यंदाच्या बुकिंगवर काकूंचं नाव सगळ्यात वर आहे. पातेलं आपल्याच टेबलाशी ठेवा, असा त्यांचा निरोप आला आहे.