तुम्ही विचारलंत म्हणून: सेन्सर कुठे आहे?

माझ्या टेबलावर एक पोलादी पट्टी आहे. एक टोक घट्ट आवळलेलं, मोकळ्या टोकाला तांब्याच्या तारेची कॉइल, आणि कॉइल खालच्या चुंबकाच्या फटीत. टिचकी मारली की पट्टी बराच वेळ थरथरते. सर्किट चालू केलं की दोन-तीन हेलकाव्यांत गप्प. बघणारा वाकून पट्टीच्या खाली-वर शोधतो आणि विचारतो, ‘ती हलतेय हे ह्याला कळतं कसं? सेन्सर कुठे आहे?’

वेगळा नाहीच. जी कॉइल ढकलते तीच सांगते.

एखादा सुटा वूफर (जाड आवाजाचा स्पीकर) हाती लागला तर त्याच्या पुढच्या शंकूवर बोटाने टकटक करा. आवाज घुमतो. आता दोन्ही टर्मिनलं तारेच्या तुकड्याने जोडून पुन्हा करा: आवाज बसका, कोरडा. ना बॅटरी, ना ॲम्प्लिफायर. कॉइल हलली की तिच्यात वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं (फॅरडे, १८३१) आणि वाट मिळताच वाहणारा करंट त्या हालचालीलाच अडवतो (लेंझ, १८३४). नाजूक काट्याचे मीटर हलवताना टर्मिनलं शॉर्ट करून ठेवतात ती ह्याचसाठी.

मग सर्किट कशाला? कारण शॉर्ट केलं तरी तारेचा स्वतःचा रोध उरतोच, आणि तो जितका जास्त तितकं डॅम्पिंग, म्हणजे थरथर विझवणं, कमी. माझ्या कॉइलचा रोध ६ ओहम. सर्किट टर्मिनलवरच्या व्होल्टेजमधून ह्या रोधाचा वाटा हिशोबाने वजा करतं. उरतो तो वेग. ६ पैकी ४.८ ओहमची अशी भरपाई केली की जणू १.२ ओहमच उरतो, म्हणून डॅम्पिंग पाचपट. कॉइलचं इंडक्टन्सही (करंट बदलायला तिचा होणारा विरोध) हिशोबात धरावं लागतं, पण इतक्या संथ पट्टीला ते फारसं नडत नाही.

नडला तो लोभ. एका संध्याकाळी ५.७ ओहमपर्यंत गेलो. पट्टी अशी थांबायची की जणू मधात बुडवलीय. सकाळी चालू केलं तर कोणी हात न लावता ती एका बाजूला झुकू लागली. आधी हळू, मग भरभर, आणि कॉइल तळाला टेकली. मला किंचाळण्याची अपेक्षा होती, हे मुकाट सरकणं जास्त भीतीदायक वाटलं. कारण साधं होतं: तांब्याचा रोध दर १० अंशांना साधारण ४ टक्के बदलतो. संध्याकाळची तापलेली कॉइल सकाळी गार होऊन साडेपाच ओहमवर आली होती, आणि मी तिच्या असलेल्या रोधाहून जास्त वजा करत होतो.

आता एक बारीकसा स्थिर करंट सोडून ठेवतो आणि सरासरी व्होल्टेजवरून रोध मोजत राहतो. पट्टी कितीही हलली तरी जागा सोडत नाही, म्हणजे तिच्या वेगाची सरासरी शून्य. जे उरतं ते रोधाचंच.

‘एवढ्या उपद्व्यापापेक्षा स्वस्तातला सेन्सर लावा की!’ हा पुढचा प्रश्न. पैसे वाचवण्यासाठी हे कधीच नव्हतं. सेन्सर वीतभर बाजूला बसवला तर पट्टीच्या एखाद्या जास्त वेगवान कंपनात ती जागा एकीकडे आणि कॉइल दुसरीकडे जाते. मग थोपवायला लावलेला जोर पट्टीला झोकेच देत बसतो. कॉइल जिथे ढकलते नेमक्या तिथलाच वेग सांगते, त्यामुळे हा घोळ होत नाही. फार संथ हालचालीत मात्र तिच्यात सांगण्याजोगं व्होल्टेजच निघत नाही. तिथे मीही गुपचूप सेन्सर लावतो.