चिखलाच्या बाजूने

तळ्यावर पक्षी बघायला आलेला नवखा माणूस हटकून पाण्याच्या मधोमध बघतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. बदकांचा थवा, पाणकावळे, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, असं ठळक जे काही असतं ते तिथेच असतं. पण थंडी सरताना, म्हणजे माघ अर्धा झाला की शिमग्यापर्यंत, मजा असते ती काठाला. पाणी रोज थोडं थोडं मागे सरतं आणि काल जिथे पाणी होतं तिथे आज चिखल असतो. त्या पट्टीभर चिखलावर जेवढ्या घडामोडी चालतात तेवढ्या उरलेल्या सगळ्या तळ्यात मिळून चालत नसतील.

आमचं तळं कुडाळ-मालवण रस्त्यापासून आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. नाव सांगावं एवढं ते मोठं नाही. या भागातलं नावाजलेलं तळं म्हणजे धामापूरचं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून १५३० साली ते बांधलं. काठावर भगवतीचं देऊळ आहे. २०२० साली या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. गरिबाघरी लग्न निघालं की देवीच्या नावाने फुलांची परडी पाण्यात सोडायची, ती दागिन्यांनी भरून वर यायची, आणि कार्य झालं की दागिने परत करायचे, अशी तिथली आख्यायिका. कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. आमच्या तळ्याला एवढी श्रीमंती नाही. ते पक्षी देतं, आणि ते परत करायची जबाबदारी आपल्यावर नसते, हा त्यातल्या त्यात फायदा.

दोन्ही तळी बांधली शेतीसाठी. पक्षी आले ते आयत्या बिळावर नागोबा होऊन. थंडीत आमच्याकडे वायंगण लागतं. पावसाळी भात कापून झालं की जिथे पाणी मिळेल अशा मळ्यांत पुन्हा भात लावायचं, ते वायंगण. त्यासाठी तळ्याची मोरी उघडली जाते. खालच्या अंगाला पोफळीच्या बागा आहेत, त्यांच्याही शिंपण्याला पाणी लागतं. वरून ऊन चढत असतं. त्यामुळे संक्रांतीला काठोकाठ दिसणारं तळं महाशिवरात्रीपर्यंत चांगलंच आत गेलेलं असतं. पक्ष्यांचं सगळं वेळापत्रक त्या मोरीवर चालतं. यंदा काय काय दिसेल असं कुणी विचारलं तर मी आधी मोरी कधी उघडली ते विचारते. पंचांग त्यानंतर.

कोकणातली थंडी म्हणजे ती काय, असं घाटावरचे पाहुणे हसून म्हणतात. त्यांनी एकदा पहाटे बांधावर येऊन बसावं. डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा सुटलेला असतो, गवत दवाने निथळत असतं आणि पाण्यावरून धुकं उठत असतं. काजूच्या मोहराचा वास येत असतो. आंबेवाल्यांना हे धुकं नको असतं, मोहर काळवंडायची धास्ती असते त्यांना. मला मात्र ते हवं असतं, कारण धुकं असेपर्यंत पक्षी जवळ असतात आणि आपल्याला फारसं मनावर घेत नाहीत.

बांधावर माझ्याआधी एक आबा गरी टाकून बसलेले असतात. तळ्याबद्दल त्यांना जेवढं ठाऊक आहे त्याच्या पासंगालाही माझी वही पुरत नाही.

"काय गो बाय, आज काय गावला?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी पक्ष्याचं नाव सांगते, आबा मान डोलावतात आणि विषय माशांवर नेतात. "पाणी खाली जाता तसो मासो एका जाग्यार येता. म्हणान बगळे थय." एवढ्या एका वाक्यात अख्ख्या हंगामाचं गणित आहे. पाणी कमी म्हणजे मासे दाटीने. मासे दाटीने म्हणजे बगळे, पाणकावळे, खंड्ये यांची चंगळ.

पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसतो ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बदकासारखे त्याचे पंख पाणी झटकत नाहीत, पिसांचा बाहेरचा भाग भिजतो. हे त्याच्या सोयीचंच आहे. भिजलेला पक्षी कमी तरंगतो आणि पाण्याखाली माशामागे धावायला बरा पडतो. नंतर उन्हात वाळत बसावं लागतं इतकंच.

पण मला सांगायचंय ते काठाचं.

काठाच्या वाटण्या झालेल्या असतात, आणि आमच्या गावातल्या जमिनींच्या वाटण्यांपेक्षा त्या जास्त शहाणपणाने झालेल्या असतात. अगदी सुकत आलेल्या, भेगा पडू लागलेल्या चिखलावर कंठेरी चिखल्या. त्याची चोच आखूड, त्यामुळे वरवर जे दिसेल ते टिपायचं. त्याच्या पुढे ओल्या चिखलावर तुतवार, पाण्याच्या रेषेला चिकटून. ठिपकेवाली तुतारी घोटाभर पाण्यात. त्याच्याही पुढे लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, गुडघाभर पाण्यात उभा. आणि गवताच्या आडोशाला, जिथे चिखल लोण्यासारखा मऊ असतो तिथे पाणलावा, आपली लांब चोच मुळापर्यंत खुपसून. एकाची चोच दुसऱ्याच्या ताटात पोचतच नाही. सातबारा नाही, तलाठी नाही, कोर्टात तारीख नाही.

यातला कंठेरी चिखल्या एकदा नीट बघून घ्या. मुठीत मावेल एवढा पक्षी, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. तुरुतुरु धावतो, थांबतो, परत धावतो. थांबला की काही वेळा एक पाय किंचित पुढे टाकतो आणि तो चिखलावर थरथरवतो. थंडीने नव्हे. त्या थरथरीने चिखलातले किडे हलतात आणि हलला तो दिसला. दुर्बिणीतून हे बघताना पायाखालच्या ओल्या चिखलावर उठणारी बारीक लकेरसुद्धा दिसते. मग मान वाकते, टिपून झालं की पुन्हा तुरुतुरु. एकदा ही थरथर डोळ्यांनी पकडली की पुढे ती सारखी दिसायला लागते, आणि इतकी वर्षं आपण नेमकं काय बघत होतो असं वाटतं.

पाणलाव्याचं उलट. तो दिसतच नाही. सुकल्या गवताचे सगळे रंग त्याच्या पाठीवर असतात आणि आपण पावलावर जाईपर्यंत तो हलत नाही. मग एकदम पायाखालून फटाका उडावा तसा उठतो, घशातून एक खरखरीत आवाज काढतो आणि वेडावाकडा होत पलीकडे उतरतो. आपलं काळीज धडधडत राहतं. त्याच्या चोचीचं टोक फार नाजूक असतं, चिखलात खुपसलेली असतानाही केवळ तेवढं टोक उघडून तो किडा धरतो. डोळेही डोक्यावर बरेच मागे, त्यामुळे खाली मान घालून जेवताना मागून कोण येतंय ते त्याला कळतं. आम्हाला मात्र तो कळत नाही.

तुतवाराला कोकणात कुणी खास नाव दिलेलं मी ऐकलेलं नाही, पण त्याला पाहिलेलं मात्र सगळ्यांनी असतं. काठावर, बंधाऱ्यावर, होडीवर, कुठेही एकटाच असतो आणि मागचा भाग सारखा वरखाली हलवत असतो. भाताची लावणी आटोपते न आटोपते तो हिमालयाकडून किंवा त्याच्याही पलीकडून परत आलेला असतो आणि उन्हाळा भरात येईपर्यंत इथेच असतो. इतका वेळ मुक्काम असलेल्याला पाहुणा कसं म्हणायचं हा प्रश्नच आहे.

कमळाच्या पानांवरचे कमळपक्षी मात्र इथलेच. पायांची बोटं अंगाच्या मानाने अचाट लांब, त्यामुळे भार पसरतो आणि पान बुडत नाही. पाणी उतरलं की कमळाची पानं चिखलावर लोळत पडतात आणि कमळपक्षी ती चोचीने उलटून खालचे किडे खातात. पावसात यांची पिल्लं होतात. मादी अंडी घालून मोकळी, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. गावातल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा पक्षीनिरीक्षणात पहिल्यांदाच सगळ्यांना रस वाटला.

बदकांकडे मी अगदीच पाठ फिरवते असं नाही. अडया बारमाही असतात. दिवसभर थव्याने पेंगत बसतात आणि अंधार पडताना शीळ घालत वायंगणाकडे उडतात. पण थंडी सरताना बघायची ती गार्गनी. चिमणं, भुरकं बदक. हिवाळाभर नर-मादी जवळपास सारखी दिसतात, कारण नराने आपली उंची पिसं उतरवून ठेवलेली असतात. फेब्रुवारीत ती परत यायला लागतात. आधी डोळ्यावर एक मळकट पांढरी रेघ, मग ती ठसठशीत होत मानेपर्यंत उतरणारी शुभ्र भुवई. पिवळा धोबी नावाच्या छोट्या पक्ष्याचंही तेच. डिसेंबरात तो इतका फिका असतो की नावाला जागत नाही, आणि मार्चमध्ये बघावं तर हळद लावल्यागत. यांची घरं पार सैबेरियाकडे. आपल्याकडे येतात ते घरच्या कपड्यांत, आणि जरा नटले की निघून जातात. थोडा राग येतो.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तेव्हा तळी भरलेली असतात आणि बदकं मोजता येतात. फेब्रुवारीच्या मध्याला ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. चार दिवस, कुठेही, निदान १५ मिनिटं उभं राहून दिसेल ते नोंदवायचं. हा मला जास्त आवडतो. त्यात तळ्याचं आकारमान कुणी विचारत नाही. नाशिककडचं नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तिथे गाड्या भरभरून लोक जातात आणि जावंच. पण १५ मिनिटं आपल्या गावच्या चिखलाकडे बघायला गाडी लागत नाही. साधी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आणि चिखलाने खराब झाल्या तरी चालतील अशा चपला, एवढ्यावर भागतं.

मधूनच कैकर, म्हणजे मासे मारणारा मोठा शिकारी पक्षी, येतो तेव्हा हे काठाचं सगळं तत्त्वज्ञान बाजूला पडतं. पाय पुढे करून पाण्यात आदळतो आणि मासा घेऊन उठतो. वर गेल्यावर हवेतच पकड बदलतो, माशाचं डोकं वाऱ्याच्या दिशेने करतो, म्हणजे उडताना अडत नाही. एकदा त्याने आबांच्या गरीच्या अगदी पुढ्यातून मोठा मासा नेला. "त्या घारीन माझो वाटो नेल्यान," आबा म्हणाले. ती घार नव्हे, कैकर, असं मी म्हटलं नाही. माशाचं दुःख ताजं होतं.

जिल्ह्यातल्या एका गावात तळ्याचं सुशोभीकरण झालं. चारी बाजूंनी सिमेंटची उभी भिंत, वर फरसबंदीची पायवाट, रंगीत दिवे आणि बसायला बाकं. संध्याकाळी माणसं येतात, बरं वाटतं. पाणी आताही उतरतं, पण ते भिंतीच्या कडेने सरळ खाली जातं. चिखल उघडाच पडत नाही. पाणकावळे आहेत, टिबुकल्या आहेत. तुतवार, चिखल्या, पाणलावा यांना मात्र पाय ठेवायला जागा राहिलेली नाही. हे पक्षी मोठ्या संख्येने मेले वगैरे असं काही झालेलं नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता आमच्या तळ्याचा काठ बांधायचा विषय ग्रामसभेपुढे आला आहे. मागणी बायकांची आहे आणि ती रास्त आहे. पाणी उतरलं की धुणं घेऊन चिखलातून जावं लागतं, पाय रुततात, गेल्या उन्हाळ्यात एक काकी पडल्या. मी सभेत म्हटलं, देवळाच्या अंगाला रुंद पायऱ्या बांधा, पार तळापर्यंत, म्हणजे पाणी कितीही उतरलं तरी धुण्याची सोय होईल. बाकीच्या तीन बाजू आहेत तशा ठेवा. खर्चही पाऊण वाचेल. खर्चाचा मुद्दा सरपंचांना पटल्यासारखा दिसला. पक्ष्यांचा कुणाला कितपत पटला ते कळलं नाही.

सभा संपल्यावर आबा बाहेर भेटले. विडी शिलगावत म्हणाले, "सगळे रस्तो मागतत, नळ मागतत. चिखल व्हयो म्हणान उभी रवलेली तू पयलीच."