पुण्याहून श्टुटगार्टला : एका माइलचे किती पैसे?

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली आणि डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते ‘मला आता नातीला बघायचंय’ हे. दादा-वहिनी श्टुटगार्टजवळ एसलिंगेन नावाच्या गावात राहतात. मे महिना ठरला. आणि मग माझ्या डोक्यात अनेक वर्षं घोळत असलेला प्रश्न ऐरणीवर आला. चाकणच्या नोकरीत कंपनीच्या कामासाठी केलेले प्रवास आणि क्रेडिट कार्डाचे वळवलेले पॉइंट मिळून माझ्या खात्यात अडीच लाखांच्या आसपास माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे तिकिटासाठी वापरता येणारे बक्षीस-पॉइंट, होते. ते नेमके किती रुपयांचे?

ऑफिसात विचारलं तर दहा जणांची दहा उत्तरं. कुणी म्हणे पन्नास पैसे, कुणी छातीठोकपणे दोन रुपये. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, आणि ते कसं हे समजून घेतल्याशिवाय मी एकही तिकीट काढायचं नाही असं ठरवलं.

मूळ हिशेब साधा आहे. पैसे मोजून काढलेल्या तिकिटाची किंमत घ्यायची, त्यातून माइल्सवरच्या तिकिटाला रोख भरावे लागणारे कर आणि सरचार्ज वजा करायचे, आणि उरलेल्या रकमेला लागणाऱ्या माइल्सनी भागायचं. ही वजाबाकी बरेच जण विसरतात. माइल्सवरचं तिकीट फुकट नसतं. विमानतळाचे शुल्क, सरकारी कर तर द्यावे लागतातच, शिवाय काही कंपन्या, विशेषतः युरोपातल्या, फ्युएल सरचार्जही आपल्याकडूनच घेतात. मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमानाचं जाऊन-येऊन इकॉनॉमीचं तिकीट त्या दिवसांत ७२,००० रुपये दाखवत होतं. तेच माइल्सवर घेतलं तर ५६,००० माइल्स आणि वर २७,४०० रुपये रोख. म्हणजे वाचणार ४४,६०० आणि एका माइलला मिळणार ऐंशी पैसे.

पण थांबा. मी एकटी जाणार असते तर ७२,००० चं थेट विमान घेतलं असतं का? मुळीच नाही. आखाती देशातून बदलून जाणारं विमान ५८,००० ला होतं, मी तेच घेतलं असतं. मग माझे खरे वाचणारे पैसे ३०,६०० आणि माइल उतरतो पंचावन्न पैशांवर. जे तिकीट आपण कधीच विकत घेतलं नसतं त्याच्या किमतीशी तुलना करून स्वतःची पाठ थोपटण्यात अर्थ नाही. या वेळी मात्र आई बरोबर होती. मध्यरात्री अनोळखी विमानतळावर तिला एका गेटवरून दुसऱ्या गेटवर न्यायचं नव्हतं, थेटच जायचं होतं. म्हणून ७२,००० हाच माझा खरा आकडा. त्यात आणखी एक बारीक दुरुस्ती : पैसे मोजून गेले असते तर त्या प्रवासाचे साधारण चार हजार माइल्स नव्याने जमले असते, माइल्सवरच्या तिकिटावर ते जमत नाहीत. तेही खर्चात धरले की भाव होतो चौऱ्याहत्तर पैसे. हा आकडा मी वहीत गोल करून ठेवला.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण हे माइल्स ज्या व्यवहारातून येतात तो कळला की त्यांचा भाव असा हलता का हेही कळतं. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी अ‍ॅडव्हांटेज ही माइल्सची योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेड तिच्या मागोमाग आली. तेव्हा खरोखर उडालेल्या अंतराचे माइल्स मिळत. पुढे डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये अंतर सोडून तिकिटाला मोजलेल्या डॉलरवर माइल्स द्यायला सुरुवात केली. दरम्यान कंपन्यांना यातलं दुसरं उत्पन्न सापडलेलं होतं. बँका त्यांच्याकडून माइल्स घाऊक विकत घेतात आणि कार्डधारकांना वाटतात. हा धंदा किती मोठा आहे हे कोविडमध्ये उघड झालं. विमानं जमिनीवर असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने १० अब्ज. मी हे वाचलं तेव्हा माझ्या खात्यातल्या आकड्याकडे बघायची नजरच बदलली. यात नोटा छापणारा, दुकान चालवणारा आणि मालाला भाव लावणारा एकच आहे. त्याने उद्या सकाळी ५६,००० चे ७०,००० केले तर आपण फक्त बघत बसायचं.

आणि कंपनीच बंद पडली तर? किंगफिशरची विमानं २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटची पॉइंटची योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे त्याच वर्षी इंटरमाइल्स या नावाने ती पुढे चालू राहिली, पण जेटच्या विमानातली जागा मात्र त्या पॉइंटवर मिळणं संपलं. विस्ताराचं १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीनीकरण झालं तेव्हा सभासदांचे पॉइंट एकास एक नव्या खात्यात गेले, ते चांगलंच झालं. तरी माझं मत पक्कं आहे : माइल्स साठवून ठेवायची वस्तू नाही. बँकेतल्या ठेवीवर व्याज मिळतं, यांची किंमत वर्षागणिक झिजते.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर मी रात्र-रात्र घालवली. बिझनेस क्लास.

जाऊन-येऊन बिझनेसचं तिकीट रोख घेतलं तर २,३५,००० रुपये. माइल्सवर १,२४,००० माइल्स आणि ४९,००० रोख. भागाकार केला की एका माइलला चक्क दीड रुपया! इकॉनॉमीच्या दुप्पट. माइल्सच्या नादी लागलेले लोक इथेच हुरळतात. पण मला किंवा आईला दोन लाख पस्तीस हजारांचं तिकीट काढायची ऐपतही नाही आणि इच्छाही नाही. मग ते २,३५,००० माझे वाचले असं मी कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून मी प्रश्न उलटा केला. सगळ्या प्रवासातला आईला जड जाणारा भाग कोणता? मुंबईहून जाणारं विमान रात्रीचं, साडेआठ-नऊ तासांचं. तेवढा वेळ गुडघे दुमडून बसणं तिला झेपणारं नव्हतं. परतीचं विमान दिवसाचं, तेव्हा ती मधून मधून उठून फेऱ्या मारू शकली असती. म्हणजे बिझनेसची गरज फक्त जातानाच. एका बाजूचं इकॉनॉमी २८,००० माइल्स आणि १२,५०० रुपये, बिझनेस ६२,००० माइल्स आणि २१,००० रुपये. फरक ३४,००० माइल्स आणि ८,५०० रुपये. आता खरा सवाल इतकाच उरला, की आईला रात्रभर आडवं झोपता यावं यासाठी मी खिशातून रोख किती दिले असते?

याचं उत्तर माझ्याकडे आधीच तयार होतं. सुरुवातीला आम्ही दुबईत एक रात्र मुक्काम करून प्रवास दोन तुकड्यांत करायचा विचार केला होता. हॉटेल, दोघींचा व्हिसा, टॅक्सी धरून चाळीस हजारांच्या घरात खर्च जात होता आणि मी तो करायला तयार होते. म्हणजे माझ्या लेखी त्या आरामाची किंमत चाळीस हजार. त्यातून ८,५०० गेले, उरले ३१,५००. भागिले ३४,००० केले तर त्र्याण्णव पैसे. वहीतल्या गोल केलेल्या चौऱ्याहत्तर पैशांपेक्षा चांगलेच वर! आईचं जातानाचं तिकीट बिझनेस, येतानाचं इकॉनॉमी, आणि माझं दोन्हीकडचं इकॉनॉमी. एकूण १,४६,००० माइल्स.

माइल्स एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं होतं. स्टार अलायन्ससारख्या विमान कंपन्यांच्या गटांमुळे ते जमतं. हा गट १९९७ मध्ये पाच कंपन्यांनी सुरू केला, एअर इंडिया त्यात २०१४ मध्ये आली. भागीदार कंपनीच्या विमानात अशा तिकिटांसाठी मोजक्याच जागा सोडतात. त्या वेबसाइटवर कधी दिसतात, कधी नाहीशा होतात. आम्हाला शनिवारऐवजी मंगळवारी निघावं लागलं. निघायचा वार बदलायची तयारी नसेल तर माइल्सचा भाव कितीही छान निघो, तो कागदावरच राहतो.

पुणेकरांनी यात आणखी एक ओळ घालायला हवी. लोहगावला नवीन टर्मिनल १४ जुलै २०२४ पासून सुरू झालं, ते खरोखर ऐसपैस आहे. पण विमानतळ हवाई दलाचा, धावपट्टी त्यांची आणि नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित. युरोपला थेट विमानाने जायचं तर मुंबई-दिल्लीसारखं शहर गाठायचंच. मुंबईला जायची टॅक्सी आम्हाला चार हजारांना पडली, द्रुतगती मार्गाच्या ३२० रुपयांच्या टोलसकट. हे पैसे माइल्समधून सुटत नाहीत. उलट पुणे-दिल्ली फेरीत सणासुदीला माइल्सची चांदी होते. एरवी पुणे-दिल्ली ५,८०० ला मिळतं आणि माइल्सवर ७,५०० माइल्स अधिक ११०० रुपये पडतात, म्हणजे त्रेसष्ट पैसे. दिवाळीत तेच तिकीट मी १४,५०० ला पाहिलं, माइल्स तेवढेच. एका माइलला एक रुपया एकोणऐंशी पैसे! मात्र जिथे माइल्सचा दरही भाड्याबरोबर वर-खाली होतो, त्या योजनांत हा फायदा मिळत नाही. त्यामुळे आपली योजना ठरलेल्या तक्त्यावर चालते की रोजच्या भावावर, हे आधी बघून घ्यावं.

मंगळवारी दुपारी चारला कर्वेनगरहून निघालो. खंडाळ्याच्या घाटात नेहमीप्रमाणे ट्रकांची रांग, फूड मॉलवर चहा आणि आईच्या फेऱ्या. मुंबईच्या टी-टूवर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. चेक-इनला त्या मुलीने आईला लाउंजचं आमंत्रण दिलं तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, आणि ही? ही माझी मुलगी आहे.’ माझ्या कार्डावर मला दुसऱ्या लाउंजमध्ये जाता येत होतं, पण आईला एकटीने बसायचं नव्हतं. शेवटी आम्ही दोघी गेटजवळच्या खुर्च्यांवर बसून घरचे मेथीचे ठेपले खाल्ले.

विमानात तिला जागेवर बसवून यायची परवानगी मिळाली. मी तिला बटणं दाखवली. एक दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की पाठ मागे, तिसरं दाबलं की सगळं सपाट. तिने तिसरं दोनदा दाबून बघितलं. चपला काढून कडेला जोडून ठेवल्या, औषधांची पर्स उशीखाली सारली आणि ऑपरेशनची खूण असलेला उजवा गुडघा हाताने हळूच सरळ केला. ‘हे किती माइल्सचं म्हणालीस?’ तिने विचारलं. मी आकडा सांगितला. ‘आणि रुपयांत?’ मी चाळीस हजारांचं गणित सांगायला लागले तोवर हवाई सुंदरीने मला मागे जायला सांगितलं.

पहाटे खाली बर्फाळ डोंगर दिसायला लागले होते. मी मान अवघडून बसले होते आणि पडदा बाजूला करून आई चालत आली. कुणाचा हात न धरता, सीटच्या पाठींना नुसती बोटं लावत, थेट माझ्या रांगेपर्यंत. ‘पाच तास झोपले,’ ती म्हणाली. ऑपरेशननंतर सलग पाच तास झोप तिला घरीही फारशी लागलेली नव्हती.

फ्रँकफर्टच्या विमानतळालाच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन जोडलेलं आहे. सामान घेऊन सरकत्या जिन्याने आणि लिफ्टने तिथपर्यंत गेलो. आयसीई ही जर्मनीची वेगवान गाडी सव्वा तासाच्या आसपास श्टुटगार्टला पोचवते. एसलिंगेन हे नेकार नदीकाठचं जुनं गाव. लाकडी चौकटीची घरं, मागच्या उतारांवर द्राक्षांचे मळे. दादाच्या घराला लिफ्ट आहे आणि घरापासून नदीपर्यंतचा रस्ता सपाट, त्यामुळे आईचं रोजचं चालणं व्यवस्थित झालं. नातीला बाबागाडीत घालून ती आणि वहिनी रोज सकाळी जुन्या टाउन हॉलपर्यंत जाऊन यायच्या. एका दिवशी श्टुटगार्टच्या बाड कानश्टाट भागातलं मर्सिडीजचं म्युझियम बघितलं. चाकणला रोज त्याच कंपनीच्या कारखान्यावरून जाते म्हणून मला तिथे जास्त वेळ लागला.

परतताना दिवसाच्या विमानात आईने मध्ये चार वेळा उठून फेऱ्या मारल्या. इकॉनॉमीतच, आणि काही बिघडलं नाही. एकाच बाजूला बिझनेस घेतल्याचा निर्णय तिथे मला पूर्ण पटला.

माझ्या खात्यात आता एक लाख चार हजारांच्या आसपास माइल्स उरले आहेत. वहिनीची आई नाशिकला असते, तिलाही नातीला भेटायला जायचंय आणि पाठीच्या दुखण्याने तिला बसवत नाही. आमच्या योजनेत इतरांसाठी तिकीट काढायला त्यांचं नाव नॉमिनी म्हणून नोंदवावं लागतं, ते मी कालच करून टाकलं. जातानाचं बिझनेस आता ६२,००० नव्हे, ६८,००० दाखवतंय. इकॉनॉमी आणि कर तेवढेच आहेत. तोच चाळीस हजारांचा मापदंड लावला तर जास्तीच्या ४०,००० माइल्सना ३१,५०० रुपये, म्हणजे एकोणऐंशी पैसे पडतात. चौऱ्याहत्तरच्या वर अजून पाच पैसे आहेत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका बुधवारी एकच जागा दिसतेय. काकूंच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग नाशिकहून येईपर्यंत कुणी ती घेऊ नये, एवढंच.